करंजदऱ्यातल्या चाळीस नळ्या

करंजदऱ्यात आमची गाडी शिरली तेव्हा तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची लांबलचक माळ तडतडत होती. मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत धूरच धूर. त्या धुरात चारपाचशे माणसं दाटीवाटीनं उभी, एकाच्याही तोंडाला मास्क नाही, आणि सगळ्यांच्या नजरा पारावरच्या एका हाताकडं लागलेल्या.

हात एका म्हाताऱ्याचा होता. तळव्याला ओली हळद फासली होती. समोर बाजेवर भगवी शाल पांघरून बसलेला धिप्पाड माणूस तांब्याच्या गडूतलं पळीभर पाणी त्या तळव्यावर सोडत होता. पाणी पिवळं होऊन खाली ओघळलं.

"पिवळं!" तो माणूस गरजला. "निर्मळ! अंगात दोष न्हाय!"

"हळदीबाबा की जय!" गाव ओरडलं. हलगी कडाडली.

जानेवारी २०२१ चे दिवस. कोरोना येऊन दहा महिने झाले होते आणि लस अजून खेड्यापर्यंत पोचली नव्हती. हा सगळा जल्लोष कशासाठी, ते बाबाच माईकवर सांगत होता.

"हा विषाणू हाय परदेशी. त्याला आपली भाषा कळत न्हाय. म्हणून आम्ही त्याला बीजाक्षरांत दम दिला! श्रावणात या गावाच्या शिवेवर भस्माची रेघ ओढली. त्या रेघेतून लहरी निघतात, लहरी! मोठमोठे शास्त्रज्ञ ज्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात, तीच. पुण्याला माणसं गेली, सोलापूरला गेली, धाराशिवला दवाखान्यात खाट मिळंना. आणि करंजदऱ्यात किती केशी?"

"शून्य!"

शून्य खरंच होतं. माझ्या हातातल्या सरकारी कागदावरही तेच लिहिलं होतं. करंजदरा, तपासण्या शून्य, रुग्ण शून्य. त्यातलं पहिलं शून्य बाबा सांगत नव्हता.

मी नीला. धाराशिवच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्याच्या घरातलं. देवावरून मी कुणाशी वाद घालत नाही. पण बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्यावर एक सवय लागते. कुणी "नाही" म्हटलं की मी विचारते, शोधलं होतं का?

त्या महिन्यात आम्ही शोधायलाच निघालो होतो. विषाणू जिल्ह्यात नेमका किती पसरून गेला, हे पाहण्यासाठी काही गावं निवडली होती. येरमाळ्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत असलेलं करंजदरा त्यातलं एक. माझ्याबरोबर करिश्मा नावाची परिचारिका होती.

सरपंच धोंडीबा धुरातून वाट काढत आले. आम्ही कशाला आलोय ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, गाव चांगलं हाय की. उगं कशाला सुया टोचायच्या? आन् काय निघालं तर गाव बंद करून टाकता तुमी."

"गाव बंद होणार नाही," मी म्हटलं. "आजार आज आहे का, हे आम्ही बघतच नाही. येऊन गेला का, ते बघतोय. आजार अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. माणूस बरा झाला तरी ती काही महिने रक्तात राहतात. ज्याला ताप आल्याचं आठवतही नाही त्याच्याही रक्तात सापडतात."

"आन् सगळ्या गावाचं रगत काढणार व्हय?"

"चाळीस जणांचं. चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं काढायची, घरटी एक माणूस. तुम्ही सोयाबीन आडतीवर नेता, तिथं पोतं ओतून दाणा न् दाणा बघतात का?"

"न्हाय. नळी खुपसून मूठभर काढतेत."

"तसंच हे. फक्त मूठ न निवडता काढायची. म्हणून चिठ्ठ्या."

हे बोलणं पारावर पोचलं असावं, कारण माईक पुन्हा खरखरला. "घेऊ द्या रक्त!" बाबानं दोन्ही हात पसरले. "सरकार आपल्या पायानं चालत आलंय आमच्या बंधनाची परीक्षा बघायला! चाळीस न्हाय, चारशे घ्या. शून्य निघणार, शून्य! पेपरात फोटो येईल करंजदऱ्याचा!"

मग कुणी नाही म्हणेना. इतर गावांत आम्हाला दारं लावून घेणारी माणसं भेटली होती. इथं लोक बाह्या वर करून ओट्यावर बसले होते.

सतरावं घर कस्तुराबाईंचं निघालं. साठीच्या पुढची, हाडापेरानं मजबूत बाई. घरात ती आणि तिची दहा वर्षांची नात, शिवप्रिया. मुलगा कृष्णराज चाकणला टेम्पो चालवतो, असं तिनं सांगितलं. भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो होता, गळ्यात आशाताईंचं ओळखपत्र.

"सून," कस्तुराबाई म्हणाली. दंडाला पट्टा बांधताना ती फोटोकडं पाहत नव्हती. "काढा बाई रगत. आमच्या घरात काय निघायचं न्हाय आता. जे व्हतं ते तिच्यासंगट गेलं."

"काय होतं?"

"दोष."

पोरगी उठून बाहेर गेली. मी नळीवर नंबर घालून गाडीपाशी आले तर ती तिथं उभी होती, छातीशी एक जाड वही धरून.

"हे आईचं रजिस्टर," ती म्हणाली. "तुमी सरकारी हाव ना? यात लिवलंय सगळं."

तिनं जे सांगितलं ते मी इथं जुळवून सांगते. ती मधे मधे थांबत होती, मागचं पुढं करत होती, पण तारखा तिला तोंडपाठ होत्या.

ऑगस्टच्या शेवटी शिवकांता, म्हणजे तिची आई, घरोघरी ताप मोजत फिरत होती. अकरा घरांत ताप सापडला. त्याच सुमाराला गावातली चार म्हातारी माणसं पंधरा दिवसांत गेली. शिवकांतानं सरपंचांना सांगितलं, तपासणीची गाडी बोलवा. वरही फोन केले. गाडी आली नाही. पण ती तापाची घरं लिहून ठेवतेय, ही बातमी बाबापर्यंत आली. रेघ ओढलेल्या गावात कोरोना सापडला असता तर बाबाला गाशा गुंडाळून रेघेच्या पलीकडं जावं लागलं असतं.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला त्यानं गाव पारावर बोलावलं. हळद लावून एकेकाच्या हातावर पाणी सोडलं. सगळ्यांचे हात पिवळे. शिवकांताचा हात लाल झाला, रक्तासारखा.

"हीच!" बाबा म्हणाला. "ही बाहेरून दोष आणती आन् दारोदार वाटती. नऊ दिवस शिवेबाहेर ठेवा."

तिला आधीच दोन दिवस कणकण होती. ती भांडली नाही. "मी वेगळी राहिलेलं बरंच आहे, घरात पोरगी आहे, तुम्ही आहात," असं सासूला म्हणून ती आपल्या पायांनी शेतातल्या पत्र्याच्या शेडात गेली. जाताना बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन गेली. शेडात वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईल चार्ज करायला पोरीबरोबर घरी पाठवला. कस्तुराबाईनं तो परत दिला नाही. नऊ दिवस बाहेरचा आवाज कानावर पडू द्यायचा नाही, असं बाबानं सांगितलं होतं.

शिवप्रिया रोज बांधावर भाकरी ठेवायची. आई लांबूनच आकडा सांगायची. पहिले तीन दिवस पंच्याण्णव. मग एक्याण्णव.

"आई म्हणली, आज्जीला सांग, आकडा उतरायलाय, गाडी बोलवा. म्या आज्जीला सांगितलं. आज्जी बाबाकडं गेली."

"मग?"

"बाबा म्हणला, आकडा उतरतोय म्हंजी दोष उतरतोय. चांगली खूण हाय."

मी वहीवरून मान वर केली नाही. करिश्मा गाडीच्या दाराला टेकून उभी होती, ती दुसरीकडं वळली.

सत्त्याऐंशी झाला. ब्याऐंशी झाला त्या दिवशी कस्तुराबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि नातीच्या हातावर चिमूटभर घातली. "उतरला गं बाई, उतरला! अजून तीन दिस." दुसऱ्या दिवशी शेडाच्या दाराशी बसून आईनं बोटांनीच आकडा दाखवला, कारण तिला बोलता येत नव्हतं. सात आणि चार.

त्याच्या पुढच्या दिवशी भाकरी बांधावरच राहिली. नऊतला तो आठवा दिवस होता. शिवकांताचं वय एकतीस.

"आई चुकीचं सांगत व्हती का?" पोरीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुझी आई बरोबर सांगत होती."

रजिस्टर तिच्याकडंच ठेवायला सांगून आम्ही चाळीस नळ्या थंड पेटीत घालून धाराशिवला परतलो.

निकाल चार दिवसांनी आला. मी तो दोनदा तपासला. चाळीसपैकी तेवीस जणांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. गाव चौदाशेचं. नेमका आकडा चाळीस नळ्या सांगू शकत नाहीत, पण अंदाज सांगतात: करंजदऱ्यात सहाशेच्या वर, कदाचित हजाराच्या जवळपास माणसांना कोरोना होऊन गेला होता. काहींची प्रतिपिंडं एव्हाना विरलीही असतील. ती धरली तर आणखी. ज्या गावात शून्य रुग्ण होते तिथल्या निम्म्याहून जास्त अंगणांतून तो फिरून गेला होता.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर ग्रामसभा भरली. मांडवाच्या खांबांना लिंबं-मिरच्या बांधल्या होत्या. बाबा व्यासपीठावर, शेजारी हळदीचं ताट. प्रत्येकाचा निकाल ज्याच्या त्याच्या हातात बंद पाकिटात द्यायचा होता. सभेत मी फक्त गावाचा आकडा सांगितला.

"चाळीसात तेवीस."

आधी कुणाला कळलंच नाही. मग धोंडीबा उठले. "म्हंजी कोरोना आमच्या गावात आला व्हता?"

"आला होता. ऑगस्ट-सप्टेंबरात तुमच्याकडं जो ताप फिरला तो हाच असणार. बहुतेकांना अंगावरच निभावला. सगळ्यांना नाही."

मांडवात कुजबुज झाली. मी बाबाकडं पाहिलं. तो गडबडेल असं वाटलं होतं. तो हसला.

"ऐका, ऐका मंडळी! बाईंनी खरं तेच सांगितलं. रक्तात काय निघालं? प्रतिपिंड! प्रतिपिंड म्हंजी काय? रोगाशी लढणारं कवच! अहो, ते कवच रक्तात घातलं कुणी?" त्यानं छातीवर हात ठेवला. "सरकारनं शिक्का मारलाय आज आमच्या बंधनावर!"

"हळदीबाबा की जय!" दोघातिघांनी आवाज दिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर गाव पुन्हा त्याच्याकडं कलू लागलं.

"कवच तुम्ही घातलं?" मी विचारलं.

"आम्ही."

"मग सतरा जणांना का नाही घातलं? त्यांनी काय केलं होतं?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली."

"बरं. डोंगरापलीकडं माळेवाडी आहे. तिथं कधी गेलात?"

"त्या पापी गावात आम्ही पाऊल ठेवत न्हाय."

"तिथंही आम्ही चाळीस नळ्या घेतल्या. एकवीस निघाले. तुमची रेघ नाही, मंत्र नाही, तरी कवच जवळपास तेवढंच. मग तिथं कुणी घातलं?"

मागं बायकांत कुणीतरी हसलं. बाबाचा चेहरा बदलला. त्यानं हळदीचं ताट पुढं ओढलं.

"लई प्रश्न इचारती ही बाई. हिचंच पाणी बघू द्या आधी. दे हात!"

मी हात पुढं केला. त्यानं ओली हळद फासली, डोळे मिटून पुटपुटला, आणि शालीमागून गडू काढून पाणी सोडलं. माझा तळवा लाल झाला. बोटांच्या फटींतून लाल ओघळ मनगटाकडं आले.

पुढच्या रांगा मागं सरकल्या. एका बाईनं लेकराला पोटाशी ओढलं. समोर चारशे माणसं होती आणि मी एकटी. चार महिन्यांपूर्वी शिवकांता अशीच उभी राहिली असेल, याच माणसांपुढं, ज्यांचा ताप तिनं मोजला होता. मला निदान माहीत होतं हे काय आहे. तिला तर ताप होता.

बोटं एकमेकांवर घासून पाहिली. बुळबुळीत लागत होती.

"या वेळी तुम्ही पितळेच्या गडूतलं पाणी घेतलं," मी म्हणाले. "शालीमागच्या. त्या दिवशी पारावर म्हाताऱ्याच्या हातावर तांब्याच्या गडूतलं घातलं होतं. आता तेच पितळेतलं पाणी स्वतःच्या हातावर घ्या बघू."

"गुरूचं जल हाय ते. आमच्या हातावर चालत न्हाय."

मी खांबाचं एक लिंबू तोडलं, दातांनी फोडलं आणि लाल तळव्यावर पिळलं. लाल रंग जागच्या जागी पिवळा झाला.

"बघा," मी हात सगळ्यांकडं फिरवला. "बाबानं नऊ दिवस सांगितले होते. लिंबानं एका मिनिटात दोष उतरला. पितळेच्या गडूत धुण्याचा सोडा आहे. सोडा, चुना, साबण, यांतलं काहीही हळदीला लागलं की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. कुणाचा हात लाल करायचा ते पाणी ठरवत नाही. गडू उचलणारा ठरवतो."

मग बायकांमधून कस्तुराबाई उठली. सरळ व्यासपीठाशी आली, ताटातली मूठभर हळद घेतली आणि शाळेच्या नळाकडं चालू लागली. नळाशी पोरांसाठी साबणाची वडी ठेवलेली असते. तिनं हात ओला केला, हळद चोळली, वरून साबण घासला.

लाल.

ती हाताकडं पाहत उभी राहिली. लिंबू पिळायला कुणी पुढं गेलं नाही.

"हळद सांडलेलं लुगडं साबण लावला की असंच लाल व्हतंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दर लग्नाला व्हतंय. दर दिवाळीला व्हतंय. म्या जलमभर धुणं धुतलं की ओ."

मग ती वळली. "बाबा, मग आकडा?"

बाबा शाल सावरत होता.

"म्या तुमच्याकडं आले व्हते. आकडा उतरतोय म्हणलं. तुमी म्हणला, दोष उतरतोय. सांगा की. आकडा उतरणं म्हंजी काय असतंय?"

तो उठून मागं सरकला. कस्तुराबाईनं मग आमच्याकडं पाहिलं. करिश्मा खाली मान घालून म्हणाली, "आज्जी, नव्वदीच्या खाली गेला की ऑक्सिजन लावावा लागतो. लगेच दवाखान्यात न्यावं लागतं."

"ब्याऐंशीला?"

"ब्याऐंशीला तर फारच लगेच."

"ब्याऐंशीला म्या साखर वाटली," कस्तुराबाई म्हणाली.

त्यानंतर गोंधळ उडाला. बाबा मागच्या बाजूनं निघाला तर पोरांनी धरला. मारहाण होऊ नये म्हणून मी आणि करिश्मा मधे पडलो. धोंडीबांनी पोलिसांना फोन केला. बाबाची कॉलर धरून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांना मी ओळखत होते. मघाशी जयजयकार त्यांनीच केला होता.

पाकिटं वाटत वाटत शेवटी मी कस्तुराबाईच्या घरी गेले. ती चुलीपाशी बसली होती, हात तसेच न धुतलेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पाकीट फोडून मीच सांगितलं. तिच्या रक्तात प्रतिपिंडं होती.

"म्हंजी मलाबी झालता?"

"झाला होता."

"कवा?"

मला तारीख सांगता येणार नव्हती. शिवप्रिया फळीवरून रजिस्टर घेऊन आली. तिनं पान काढलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "एक सप्टेंबर. सासूबाई. ताप एकशे एक. खोकला. अंगदुखी." पान उलटलं. "सात सप्टेंबर. मला स्वतःला कणकण."

"तीन दिस तिनं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या," कस्तुराबाई म्हणाली. "माझं ताट, माझं पाणी, समदं तीच करायची. म्या लोकांफुडं म्हणाले, हिनं घरात दोष आणला." मग तिनं माझं मनगट धरलं. "बाई, तुमी शिकलेल्या हाव. रगतातून कळतंय का? तिच्यापसून मला झाला, का माझ्यापसून तिला?"

तुमच्याकडून नाही, असं तिला सांगावं असं फार वाटलं. पण इतका वेळ मी ज्याच्याविरुद्ध भांडत होते ते हेच होतं, माहीत नसलेलं छातीठोकपणे सांगणं.

"रक्तातून एवढंच कळतं की येऊन गेला," मी म्हटलं. "कुणाकडून कुणाला, ते कळत नाही. ती अकरा तापाच्या घरांत जाऊन आली होती. कुठूनही झाला असेल."

"माझ्यापसूनबी?"

"तुमच्याकडूनही झाला असू शकतो. पण कस्तुराबाई, आजार देणं कुणाच्या हातात नसतं."

"शेडात ठेवणं हातात व्हतं की."

मी निकालाचा कागद पाकिटात घालून तिच्याशेजारी ठेवला.

कोपऱ्यातून शिवप्रिया म्हणाली, "आईनं मला सांगितलं व्हतं, आज्जीला आकडे कळत न्हाईत, तिला नीट समजावून सांग. मला न्हाय सांगता आलं."

मी तिला जवळ घेतलं. "तू नीटच सांगितलं होतंस. ऐकायचं काम मोठ्यांचं होतं." ती रडली नाही. कस्तुराबाई रडली, पहिल्यांदाच, तोंडात पदर कोंबून. पोरगी तिच्याजवळ गेली नाही.

बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. जबाब द्यायला गावातून एकटी कस्तुराबाई गेली. त्यात तिनं स्वतःचं नावही सांगितलं, मोबाईल आपणच ठेवून घेतला तेही सांगितलं. कृष्णराज येऊन पोरीला चाकणला घेऊन गेला. तो आईशी बोलत नाही. त्यानंतर दोनदा कस्तुराबाई माझ्याकडं धाराशिवला आली, एसटीनं, एकटी. सून कोरोनानं गेली असं सरकारी कागदावर लिहा, एवढंच तिचं मागणं. मी तिला घेऊन मृत्यूनोंदणीच्या खिडकीवर गेले. तपासणीचा कागद असल्याशिवाय तसं लिहिता येत नाही, असं उत्तर मिळालं. शिवकांताची तपासणी झालीच नव्हती. आणि आमचं सर्वेक्षण फक्त जिवंत माणसांचं रक्त मोजतं. त्या चाळीस नळ्यांत, सहाशे-हजाराच्या त्या अंदाजात, ताप मोजत फिरलेली ती बाईच तेवढी नाही.

आता मी जिथं रक्त घ्यायला जाते तिथं ही हकीगत सांगते. लोक बाबाचं नाव विचारतात, त्याला शिक्षा झाली का विचारतात. ते महत्त्वाचं आहेच. पण मला सांगायचं असतं ते दुसरंच. करंजदऱ्यात सोडा आणि हळद माहीत नसलेली एकही बाई नव्हती. आकडा उतरला तर गाडी बोलवा, हे एका लेकराला कळत होतं. कमी पडलं ते एवढंच, की त्या भरल्या सभेत कुणी एकानं उठून म्हटलं नाही, दुसऱ्या गडूतलं पाणी ओता बघू. म्हणून हात जोडून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर विचारा. कुणी गावात शून्य सांगितलं तर विचारा, मोजलं होतं का. उद्धट म्हणतील, म्हणू द्या. पण विचारायचं ते माणूस जिवंत आहे तोवर विचारा.